माजी राष्ट्राध्यक्षांच्या भेटीगाठींसाठी एक वही घाला

प्रति,
माननीय सदस्य,
परराष्ट्र संबंध समिती, अमेरिकी सिनेट,
वॉशिंग्टन

विषय : माजी राष्ट्राध्यक्ष आणि परदेशी सत्ताधीश यांच्या बोलण्याची नोंद ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्याकडे वेगळी येईल. मराठी प्रत जाहीर करते आहे, कारण मला हा विषय ज्या प्रसंगावरून सुचला तो मराठीतच घडला. इंग्रजीत तो सांगायला गेलं आणि ‘माजी सेक्रेटरी’ म्हटलं, की वॉशिंग्टनचा माणूस लगेच कुठल्या तरी परराष्ट्रमंत्र्यावर जाऊन पोचतो. माझे सेक्रेटरी हाउसिंग सोसायटीचे आहेत.

आमच्या आईचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. म्हाडाची जुनी इमारत, चार मजले, लिफ्ट नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळणार. रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली तेव्हा मी नेमकी सुट्टीवर तिकडे होते आणि आईच्या वतीने सभांना जाऊन बसत होते. सोसायटीत एक माजी सेक्रेटरी होते. अठरा वर्षं त्यांनी सोसायटी सांभाळली. पाण्याची टाकी त्यांनी उभी करून घेतली, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिले तेच पोचत. पुढे निवडणुकीत पडले. चाव्या आणि रजिस्टरं त्यांनी नव्या कमिटीच्या हवाली केली, पण बिल्डरशी जुनी ओळख, ती काही कपाटाच्या चावीबरोबर हवाली करता येत नाही. संध्याकाळी हायवेलगतच्या एका हॉटेलात दोघांचा चहा व्हायचा. हेतू वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. पण कमिटी वाटाघाटीला बसली आणि आमच्या चेअरमननी जादा कार्पेट एरियाचा आकडा टाकला, तेव्हा बिल्डरचा माणूस शांतपणे म्हणाला, “पण साहेब तर म्हणाले होते, याच्या खालीही लोक तयार होतील.” कुठले साहेब, हे विचारायची गरजच पडली नाही. खोलीतले सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले.

साहेब खरंच तसं म्हणाले होते का, की बिल्डरने पदरचं घातलं, हे आजतागायत ठरलेलं नाही. ठरणार कसं? आमच्या गेटवर वॉचमनच्या वहीत दूधवाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे आहेत : नाव, फ्लॅट नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आणि चाळीस बिऱ्हाडांच्या घराचा सौदा ज्या टेबलावर शिजत होता, त्या टेबलाची नोंद कुठेच नाही.

तुमच्या देशाचं, आणि २००४ पासून माझ्याही देशाचं, नेमकं हेच झालेलं आहे.

नोव्हेंबर १९९० घ्या. कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसून साडेतीन महिने झाले होते. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराला मंजुरी मिळावी म्हणून एकेक मत गोळा करत होते. त्याच दिवसांत परिषदेतल्या देशांच्या प्रमुखांना अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातून एक पत्र गेलं. त्याचा आशय असा, की या ठरावाच्या मागे जाऊ नका, अरब देशांना आपसात तोडगा काढू द्या. खाली सही जिमी कार्टर यांची. आपलाच माजी राष्ट्राध्यक्ष आपल्याच ठरावाविरुद्ध मतं मागतोय, हे वॉशिंग्टनला कळलं कसं? कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांच्याकडून. म्हणजे घरातली गोष्ट शेजाऱ्याने फोन करून सांगितली. २९ नोव्हेंबरला ठराव ६७८ मंजूर झाला, पण कार्टर थांबले नाहीत. इराकला दिलेली मुदत १५ जानेवारीला संपत होती. १० जानेवारीला त्यांनी इजिप्तचे मुबारक, सौदीचे राजे फहद आणि सीरियाचे असद यांना लिहिलं.

युद्ध नको म्हणणं गैर होतं असं मी म्हणत नाही. त्या वेळी मला मत असतं तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. वर्तमानपत्रात लेख लिहा, टीव्हीवर बोला, तुमच्या या समितीपुढे येऊन साक्ष द्या. सगळं रास्त आहे. आक्षेप एवढाच, की देशाचं सरकार एका टेबलावर बसलेलं असताना त्याच्या मागच्या दाराने दुसरा माणूस त्याच पाहुण्यांशी बोलत होता, आणि सरकारला ते पाहुण्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

कार्टर यांच्याबद्दल असं लिहिताना माझा हात अडखळतो, तेही सांगून टाकते. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवकांच्या योजनेतून नर्स म्हणून भारतात आल्या आणि जवळजवळ दोन वर्षं आमच्या विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत राहून काम केलं. त्यांची जन्मतारीख १५ ऑगस्ट. विक्रोळीत एखादा माणूस आपला व्हायला एवढं पुरतं. २००६ साली खुद्द कार्टर, वय ८२, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हातोडा घेऊन उभे होते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधून देणाऱ्या संस्थेचा शंभर घरांचा प्रकल्प होता. पाटणला त्यांनी ठोकलेल्या खिळ्यांचेसुद्धा फोटो निघाले. बंद खोल्यांत त्यांनी दिलेल्या शब्दांचं तसं नाही.

आणि त्या खोल्यांतून चांगलंही निघालं, हे नाकारणारी मी कोण? जून १९९४. उत्तर कोरियाने योंगब्योनच्या अणुभट्टीतून इंधनाच्या कांड्या बाहेर काढल्या होत्या, क्लिंटन सरकार निर्बंधांची तयारी करत होतं आणि युद्धाची भाषा उघड चालू होती. किम इल-सुंग यांचं निमंत्रण कार्टरकडे जुनंच होतं. या वेळी त्यांनी आधी सरकारला कळवलं. सरकारनेही नाखुशीने का होईना, एक अधिकारी त्यांच्या गावी पाठवून परिस्थिती समजावून दिली. १५ जूनला कार्टर पती-पत्नी पानमुनजोमची सीमा ओलांडून प्योंगयांगला गेले. दुसऱ्या दिवशी किम यांच्याशी भेट झाली. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये दक्षिण कोरियात जादा सैन्य किती धाडायचं यावर बैठक चालू होती. तेवढ्यात प्योंगयांगहून कार्टर यांचा फोन आला. किम अणुकार्यक्रम गोठवायला तयार आहेत, निरीक्षकांनाही राहू देतील, आणि हे मी आता सीएनएनवर सांगणार आहे, असा निरोप. बैठकीतली मंडळी उठून टीव्हीसमोर जाऊन बसली. महासत्तेचं परराष्ट्र धोरण काय आहे हे महासत्तेचं सरकार बातम्यांत पाहत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. ताएदोंग नदीत किम यांची नौका. टेबलाभोवती दोन्ही जोडपी. कार्टर किमना म्हणाले, की निर्बंधांची हालचाल अमेरिकेने थांबवली आहे. तसं काहीही झालेलं नव्हतं. पण सीएनएनचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे वाक्य हवेत विरलं नाही. वॉशिंग्टनला ते कळलं आणि लगेच खुलासा करता आला. त्याच नौकेवर कोरियन युद्धात पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अवशेषांचा विषय निघाला. किम चालढकल करत होते. त्यांच्या पत्नीने मध्येच सांगितलं की हे करायला हवं, आणि ते हो म्हणाले. कुठल्या दूतावासाच्या तारेत न सापडणारी ही गोष्ट आपल्याला कळली, कारण कार्टर यांनी परत येऊन ती सांगितली. तीन आठवड्यांनी, ८ जुलैला, किम वारले. ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात करार झाला. त्या भेटीने युद्ध टळलं असं मानणाऱ्यांत मीही आहे. पण कॅमेरा नसता तर? निर्बंध थांबले असं तुमच्याच माजी राष्ट्राध्यक्षाने मला सांगितलं, असं किम उद्या म्हणाले असते, आणि क्लिंटन यांच्या हातात ते खोडून काढायला काय होतं?

त्याच वर्षी सप्टेंबरात हैतीला गेले तेव्हा मात्र सरकारनेच त्यांना पाठवलं होतं, सोबत सिनेटर सॅम नन आणि निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल. हैतीचे लष्करशहा जनरल सेद्रास यांच्याशी बोलणी चालू असतानाच हल्ल्यासाठी ८२ व्या एअरबोर्नची, म्हणजे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची, विमानं उडालेली होती आणि करार झाल्यावर ती अर्ध्या वाटेतून माघारी वळवली. माणूस तोच, हातोटी तीच. फरक एवढाच, की कुणाच्या वतीने बोलतो आहे हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

आता निक्सन. रिपब्लिकन सदस्यांना वाटायला नको की मी एकाच पक्षाच्या मागे लागले आहे. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार होऊन दीड वर्ष झालं होतं. फेब्रुवारी १९७६ मध्ये चीनने खास विमान पाठवून त्यांना पेकिंगला नेलं. माओंची भेट झाली २३ तारखेला. दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आणि त्यात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड, म्हणजे ज्यांनी निक्सनना माफी दिली तेच, रेगन यांच्याशी झुंजत होते. फोर्ड जेमतेम वाचले. चीनला त्या आठवड्यात फोर्डपेक्षा निक्सन का आठवले असतील, याचा अंदाज बांधायला मुत्सद्दी असावं लागत नाही. पुढे १९८९ साली तिआनमेन चौकातल्या हत्याकांडानंतर काही महिन्यांतच निक्सन पुन्हा गेले, चीनचे सर्वेसर्वा देंग यांना भेटले, आणि परत येऊन थोरल्या बुशना सगळं सांगितलं. हे काम चोख झालं. पण त्यांच्या शेवटच्या दौऱ्यात, मार्च १९९४ मध्ये मॉस्कोला, ते राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्याविरुद्ध बंड करून तुरुंगात गेलेले आणि नुकतेच सुटलेले माजी उपराष्ट्राध्यक्ष रुत्स्कोई यांना भेटले आणि येल्त्सिन इतके भडकले की त्यांनी स्वतःची भेट तर रद्द केलीच, निक्सन यांच्या दिमतीची गाडी आणि सुरक्षाही काढून घेतली. अमेरिका-रशिया संबंधांत तेव्हा जे ओशाळेपण पसरलं, ते व्हाइट हाउसच्या कुठल्याही निर्णयामुळे नव्हतं.

माजी राष्ट्राध्यक्ष खासगी माणूस होतच नाही, हे मान्य करायला आपण का कचरतो? एप्रिल १९९३ मध्ये थोरले बुश कुवेतला पाहुणे म्हणून गेले. पद सोडून तीन महिने झाले होते. त्यांना बॉम्बने मारण्याचा कट उघड झाला, आणि जूनमध्ये क्लिंटन यांनी बगदादमधल्या इराकी गुप्तहेर खात्याच्या मुख्यालयावर २३ क्रूझ क्षेपणास्त्रं सोडली. खासगी पाहुणचारासाठी कुठलं राष्ट्र क्षेपणास्त्रं सोडतं?

ही हौस तशी जुनी आहे. युलिसिस ग्रँट १८७७ साली पदावरून उतरले आणि दोन वर्षांहून जास्त काळ जगभर फिरले. बर्लिनला बिस्मार्कच्या वाड्यावर सिगार ओढत पायी गेले. पहारेकऱ्यांना कळेना की सलामी द्यायची ती याच माणसाला का. फेब्रुवारी १८७९ मध्ये आमच्या मुंबईत उतरले, मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसात मुक्काम केला. पुढे चीनला पोचले तर तिथल्या दरबारातले प्रिन्स कुंग आणि ली हुंग-चांग यांनी त्यांच्या गळ्यात रिउक्यू बेटांचा तंटा घातला : जपानशी आमच्या वतीने बोला. ग्रँट जपानला जाऊन सम्राट मेइजींशी बोललेही. कुठलंही पद नाही, कुणी नेमलेलं नाही, आणि दोन साम्राज्यांच्या मध्ये मध्यस्थ! वर पुढच्याच वर्षी रिपब्लिकन अधिवेशनात तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष व्हायला उभे राहिले. पण त्या बोलण्यांत काय झालं ते आज आपण वाचू शकतो, कारण न्यूयॉर्क हेरल्डचा वार्ताहर जॉन रसेल यंग त्यांच्याबरोबर वही घेऊन फिरत होता. दीडशे वर्षांपूर्वीची नोंद आहे, कालपरवाची नाही.

पैशाचं मी थोडक्यात आवरते, नाहीतर पत्र संपायचं नाही. रेगन १९८९ च्या ऑक्टोबरात जपानला गेले, आठेक दिवसांचा दौरा, फुजीसांकेई या माध्यमसमूहाने त्यासाठी २० लाख डॉलर मोजले. तेव्हा लोक हबकले. आज तो आकडा कुणी मनावरही घेणार नाही. क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानला सौदी अरेबियाने १ ते २.५ कोटी डॉलरच्या दरम्यान देणगी दिली होती, हे आपल्याला डिसेंबर २००८ मध्ये कळलं. का कळलं? हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री होणार होत्या म्हणून देणगीदारांची यादी उघड करण्याचा करार झाला. बायकोला पद मिळालं म्हणून नवऱ्याची वही उघडली. ती मंत्री झाली नसती तर?

आणि आता ज्यांची तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून वाट पाहत असाल, ते. २०२१ ते २०२५ या चार वर्षांत डोनाल्ड ट्रम्प माजी होते आणि त्याच वेळी भावीही होते. असा माणूस परदेशी सत्ताधीशांना किती मोलाचा, हे बिल्डरला विचारा : माजी सेक्रेटरी, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून येण्याची शक्यता. ८ मार्च २०२४ ला हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान मार-ए-लागोला, ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या घरी, आले. व्हाइट हाउसमध्ये त्यांनी पाऊलही ठेवलं नाही. परत गेल्यावर त्यांनीच सांगितलं, की ट्रम्प युक्रेनच्या युद्धासाठी एक छदाम देणार नाहीत. बोलणं फ्लोरिडात झालं, मतदार फ्लोरिडापासून अलास्कापर्यंत, आणि बातमी बुडापेस्टहून. पोलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुदा एप्रिलमध्ये ट्रम्प टॉवरला आले. जुलैत नाटोची परिषद संपवून ऑर्बान पुन्हा. त्याच महिन्यात नेतान्याहू, सप्टेंबरात झेलेन्स्की. मग ऑक्टोबरात पत्रकार बॉब वुडवर्ड यांनी लिहिलं, की पद सोडल्यावर ट्रम्प आणि पुतिन यांचं सातेक वेळा फोनवर बोलणं झालं असावं. प्रचारमोहिमेच्या प्रवक्त्यांनी नाकारलं, क्रेमलिननेही नाकारलं. ट्रम्प यांना शिकागोत थेट विचारलं तेव्हा ते म्हणाले, यावर बोलणार नाही, पण बोललो असेन तर ते शहाणपणाचंच.

गंमत अशी, की मला शेवटचं वाक्य काही अंशी पटतं. बोलणं शहाणपणाचं असू शकतं. पण झालं की नाही हेच ठरत नसेल तर शहाणपणाची तपासणी कशी करायची? ट्रम्प यांच्या विरोधकांनी पुतिनचे फोन झालेच असं धरलं, समर्थकांनी झालेच नाहीत असं धरलं, आणि दोन्हीकडच्या एकाही माणसाकडे कागद नव्हता. डेमोक्रॅट सदस्यांनी इथे फार खूश होऊ नये. २५ मे २०१७ ला नवे राष्ट्राध्यक्ष ब्रसेल्सला नाटोच्या पुढाऱ्यांना भेटत होते, आणि त्याच दिवशी सकाळी बराक ओबामा बर्लिनला ब्रांडेनबुर्ग गेटसमोर अँगेला मर्केल यांच्या शेजारी, हजारो लोकांच्या टाळ्यांत बसले होते. त्या व्यासपीठावरचं सगळं जाहीर होतं, ठीक. व्यासपीठावर चढायच्या आधीचं?

तुम्ही म्हणाल, लोगन कायदा आहे. आहे ना! १७९९ पासून आहे. फिलाडेल्फियाचे डॉ. जॉर्ज लोगन, क्वेकर पंथाचे, फ्रान्सशी युद्ध टळावं म्हणून १७९८ ला स्वखर्चाने पॅरिसला गेले, तिथले परराष्ट्रमंत्री तालेराँ यांना भेटले. परत आले तर तेव्हाच्या सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाने चिडून कायदाच करून टाकला : सरकारशी वाद असलेल्या परकीय सत्तेशी परवानगीवाचून बोलणी कराल तर तीन वर्षांपर्यंत कैद. सव्वादोनशे वर्षांत त्याखाली आरोप ठेवले दोघांवर, १८०३ साली केंटकीच्या एका शेतकऱ्यावर आणि १८५२ साली एका व्यापाऱ्यावर. शिक्षा एकालाही नाही. खुद्द लोगन पुढे सिनेटर झाले, तुमच्याच सभागृहात बसले, आणि १८१० मध्ये पुन्हा असेच आपणहून इंग्लंडला गेले, आपल्या नावाचा कायदा असताना! तोफ एवढी मोठी की ती डागायला कुणी धजत नाही, आणि म्हणून तिचा धाकही नाही. दर चार वर्षांनी एक पक्ष दुसऱ्याच्या नावाने तिच्याकडे बोट दाखवतो, एवढाच तिचा उपयोग.

म्हणून मी तुरुंग मागत नाही. परवानगीही मागत नाही. माजी राष्ट्राध्यक्षालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि ज्याला परवानगी मागायला लावाल त्याला परदेशात कुणी मोजणार नाही. मग हैतीसारखी कामं कुणाकडून करून घ्याल? मागते ती एक वही. कुठल्याही देशाचा प्रमुख, पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्री यांच्याशी भेट किंवा फोन झाला, की दहा दिवसांच्या आत परराष्ट्र खात्याकडे चार ओळी : कोण, कुठे, केव्हा, कशाबद्दल. काही शब्द दिला असेल तर तो. त्या देशाकडून वा तिथल्या कंपनीकडून भाषणाचे, पुस्तकाचे, प्रतिष्ठानचे पैसे आले असतील तर तो आकडा. भेट झाली एवढं लगेच जाहीर व्हावं. बोलणं काय झालं ते कुलपात ठेवा. कुलपाची पद्धत तुमच्याकडे तयार आहे. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या काही प्रकारच्या कागदांवर १२ वर्षांपर्यंत बंदी ठेवता येते. पण त्या कायद्याचा अंमल पद सुटतं त्या दिवशी, २० जानेवारीच्या दुपारी बाराला, संपतो, एवढंच त्याचं दुखणं. घड्याळात बारा वाजले की माणूस तोच, ओळखी त्याच, फोनची डायरी तीच, आणि कागद मात्र एकदम खासगी.

नोंद केली नाही तर काय? तर माजी राष्ट्राध्यक्षांना सरकारी खर्च देणाऱ्या १९५८ च्या कायद्याकडे बघा. ट्रूमन यांच्या ओढगस्तीमुळे तो झाला. पेन्शन, कार्यालयाचं भाडं, माणसांचे पगार, सगळं आमच्या करातून जातं, आणि ते द्यायला माझी ना नाही. पेन्शनला हात लावू नका, म्हातारपणी कुणाची भाकरी काढू नये. कार्यालयाचं भाडं मात्र वही भरेपर्यंत थांबवा. आमच्याकडे मेंटेनन्स थकला की पार्किंगचा स्टिकर अडवतात, तसं. सुरक्षाही सोडून द्या. ती २०१३ पासून पुन्हा तहहयात आहे आणि तशीच असावी. माजी राष्ट्राध्यक्षाचं घर कुठेही असो, दाराबाहेर सीक्रेट सर्व्हिसचा माणूस उभा असतो. आत कोण गेलं हे त्याला ठाऊक असतं, पण सांगणं त्याचं काम नाही, आणि त्याच्यावर ते लादूही नये. वॉचमनने वही भरावी हे ठीक. वॉचमनने कान लावावा हे नाही.

यावर कुणी म्हणेल, आधी समितीने स्वतःचं घर झाडावं. खरं आहे. माझ्याच न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ तुमच्या याच समितीचे अध्यक्ष होते. इजिप्तच्या बाजूने काम केल्याबद्दल आणि लाचेबद्दल ते २०२४ मध्ये दोषी ठरले. घरात सोन्याच्या विटा सापडल्या होत्या. मी त्यांना मत दिलेलं आहे. तेव्हा या समितीला शिकवायला मी फार उंचावरून आलेले नाही. पण सापडायला काहीतरी होतं म्हणून तो खटला उभा राहिला, हेही लक्षात घ्या.

कार्टर यांच्याकडे पुन्हा एकदा येते, कारण माझ्या मागणीचा सगळ्यात चांगला साक्षीदार तेच आहेत. एप्रिल २००८ मध्ये ते दमास्कसला हमासचे खालेद मेशाल यांना भेटले. परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस म्हणाल्या, आम्ही त्यांना जाऊ नका असं बजावलं होतं. कार्टर यांच्या बाजूने उत्तर आलं, मला तसं कुणीही सांगितलेलं नाही, त्या खरं बोलत नाहीत. एक विद्यमान परराष्ट्रमंत्री, एक नोबेल मिळालेला माजी राष्ट्राध्यक्ष, आणि दोघांपैकी एकाचं चुकतंय हे उघड. आज त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली. कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. दोघांत कोण बरोबर, यावर मी भाऊजींशी एडिसनच्या घरी दर थँक्सगिव्हिंगला भांडते, आणि भांडण दर वर्षी जिथे होतं तिथेच राहतं. मी कार्टर यांच्या बाजूने. विक्रोळीची आहे, सांगितलंच.

आमच्या सोसायटीचं काय झालं ते राहिलं. त्या सभेनंतर जनरल बॉडीत ठराव झाला, की आजी-माजी कुठल्याही पदाधिकाऱ्याचं बिल्डरशी बोलणं झालं तर आठ दिवसांत ऑफिसातल्या वहीत लिहायचं. भेटायला मनाई नाही. माजी सेक्रेटरींनी अपमान मानला. दोन महिने ते ऑफिसकडे फिरकले नाहीत, गणपतीच्या आरतीलाही मागेच उभे राहिले. मी इकडे परत आले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा आईच्या सह्या करायला ऑफिसात बसले होते, सहज वही चाळली. निळ्या शाईत, त्यांच्या तिरक्या अक्षरात एक नोंद होती : “बिल्डरचा फोन आला. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. इतर विषय नाही.” खाली तारीख, वेळ, सही.

कळावे,
आपली,
एक मतदार
एडिसन, न्यू जर्सी
(मूळची कन्नमवार नगर, विक्रोळी)